रेषेबाहेरून हाक

कोच झालं की गुडघ्यांना आराम मिळतो, असं शिडीला कुणी सांगितलं होतं कोण जाणे. सांगणाऱ्याला धरून आणून एकदा अख्खी मॅच कोर्टाच्या कडेला उभं करायला हवं. खेळताना निदान मधेमधे बाकावर बसायला मिळतं, कुणीतरी पाण्याची बाटली हातात देतं, खांद्यावर टॉवेल टाकतं. कोचलाही खुर्ची असते म्हणा, पण तिच्यावर बसलेला कोच कुणी पाहिलाय? सगळा वेळ उभं राहायचं, घसा फाटेपर्यंत ओरडायचं, आणि ज्यांच्यासाठी ओरडायचं त्या पोरींनी ढुंकूनही बघायचं नाही. संध्याकाळी घरी पोचली की ती आधी नवऱ्याच्या दुकानाच्या उंबऱ्यावर बसायची आणि पाय रस्त्यावर लांब सोडून द्यायची. नवरा शिलाईचं मशीन थांबवून विचारायचा, "आज जिंकलात की हरलात?"

"नुसता सराव होता."

"मग तोंड हरल्यासारखं का?"

 यावर ती पायातले बूट तेवढे काढायची.

शिडी हे काही तिचं खरं नाव नव्हे. शाळेत फळ्याचा वरचा कोपरा पुसायला मास्तर हिलाच बोलवायचे, तिथून पडलेलं नाव. पुढे ती बास्केटबॉलच्या क्लबात शिरली, पगार घेऊन वरच्या गटात खेळू लागली, पेपरात फोटो यायला लागले, तरी नावाने काही पाठ सोडली नाही. नवरा शिंपी. हिच्या मापाची विजार बाजारात कुठेच मिळेना, म्हणून शिवून घ्यायला गेली ती शिंप्यालाच घेऊन आली, असं तिची सासू अजून येईल-जाईल त्याला सांगते आणि सांगून होण्याआधीच स्वतः हसत सुटते.

गुडघ्यांनी हात टेकले तेव्हा तिचं खेळणं सुटलं. क्लबाने मोठ्या मनाने तिला मदतनीस कोच केलं. मदतनीस म्हणजे काय, तर बॉलच्या पिशव्या वाहायच्या, पोरींकडून वॉर्म-अप करून घ्यायचा आणि मुख्य कोच बोलेल त्याला मान डोलवायची. ते बरं चाललं होतं. पण ऐन सीझनमध्ये मुख्य कोचला दुसऱ्या क्लबाने बोलावलं, आणि तो गडी मागे वळूनही न बघता चालता झाला. क्लबाचे सेक्रेटरी आदल्या दिवसापर्यंत तिला 'अगं शिडे' म्हणायचे, ते दुसऱ्या दिवशी म्हणाले, "मॅडम, आता तुम्हीच." म्हणजे गळ्यात धोंड बांधायची ती निदान आदराने बांधली.

ज्या पोरींबरोबर बसून ती जुन्या कोचची टवाळी करायची, त्याच पोरी आता तिच्या हाताखाली आल्या. ताई म्हणायच्या तशाच म्हणत राहिल्या. पण पहिल्या दिवशी ती कपडे बदलायच्या खोलीत शिरली आणि खोलीतली बडबड एकदम बंद पडली. कोण आलं म्हणून तिने मागे वळून बघितलं. मागे कुणीच नव्हतं. त्या दिवशी तिला कळलं, आपण कोच झालो.

शीण तिला नवा नव्हता. अंगाचा शीण तिच्या घरचाच होता. बर्फ लावा, तेल चोळा, झोपा, सकाळी पळून जातो. हा नवा शीण मात्र सकाळी उशाशी बसलेला असायचा. दिवसभर कुणाला तरी नाही म्हणायचं, कुणाला बसवायचं, कुणाची समजूत काढायची. त्यात एक गोष्ट शिडी रोज उद्यावर ढकलत होती. चिमणीला सांगायचं होतं, की बाई, तुझं खेळणं आता संपलं.

चिमणी टीमचा खेळ चालवायची. बुटकी, चपळ, तोंडाची फटकळ. दोघी एकाच वर्षी क्लबात आल्या होत्या. बाहेरगावच्या सामन्यांना दोघींना एकच खोली मिळायची, शिडीचे पाय पलंगाबाहेर लोंबायचे आणि चिमणी त्या पायांवर आपला ओला टॉवेल वाळत घालायची. "देवाने दिलेली दांडी आहे, वाया कशाला घालवायची," म्हणायची.

कोर्टावर दोघींची एक खोड होती. बास्केटखाली शिडी मोकळी झाली की तिच्या घशातून एक 'हं' निघायचा. मोठा नाही, म्हैस दावणीला हुंकारते तेवढाच. तो ऐकला की चिमणी तोंड भलतीकडे असतानाच बॉल तिकडे फेकायची आणि तो बरोब्बर शिडीच्या हातात यायचा. समोरच्या टीमला कळायचंच नाही बॉल गेला कुठे. सुरुवातीला कोचने शिव्या घातल्या, "बघून टाक, बघून!" मग खोड फळतेय म्हटल्यावर मूग गिळून बसला. चिमणीचं म्हणणं असं की बघण्यात वेळ जातो, आणि तुझं तोंड रोज रोज काय बघायचंय!

पण ते दिवस गेले. चिमणीने पस्तिशी ओलांडली. उजवा घोटा दुखावला होता आणि पट्ट्या गुंडाळून गुंडाळून ती तो बुटात कोंबायची. समोरची पोरगी तिच्या अंगावरून निघून जायची, आणि ही वळेपर्यंत तिकडे बॉल जाळीतून खाली आलेला असायचा. बाकावर धाकटी नावाची पोरगी बसून होती. टीममध्ये सगळ्यांत लहान म्हणून धाकटी. पायात भिंगरी असलेली पोर, डोकंही शांत. तिला खेळवायला हवं हे शिडीला दिसत होतं, आणि तरी दर मॅचला ती चिमणीलाच उतरवत होती.

बोलायचा प्रयत्न तिने केला नाही असं नाही. एकदा मुद्दाम चहाला घेऊन गेली. चिमणीने तिच्या आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनची गोष्ट काढली, म्हातारी पट्टी काढून काढून मांजरांना कशी शोधते ते साग्रसंगीत सांगितलं, आणि चहा संपला. एकदा बसमध्ये ठरवलं. चिमणी तिच्या खांद्यावर डोकं टाकून झोपून गेली. शिडीने सबंध प्रवासात खांदा हलवला नाही, आणि दुसऱ्या दिवशी मान धरली ती धरलीच.

सीझनची शेवटची मॅच जवळ आली तेव्हा सेक्रेटरींनी तिला बोलावून घेतलं. खोलीत जुने कप आणि ढाली, डोक्यावर कुरकुरणारा पंखा. सेक्रेटरी तसे वाईट माणूस नव्हते. फक्त वाईट बातमी सांगताना ते चष्मा पुसत बसायचे. तो पुसत ते म्हणाले, "मॅडम, हे भिजत घोंगडं किती दिवस ठेवायचं?"

"कुठलं?"

"कुठलं म्हणे! अहो, चिमणीचं. पुढच्या सीझनला ती नाही. कमिटीने ठरवलंय, आणि खरं बोला, मनातून तुम्हीही ठरवलंय. मी सांगू का तिला?"

"नको. मीच सांगते."

"मागच्या खेपेलाही हेच म्हणालात."

 सेक्रेटरींनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "मॅचच्या आधी सांगा. आणि मॅचला धाकटीला उतरवा. ही हरलो तर खालच्या गटात जाऊ, मग तुम्ही, मी आणि हा पंखा, सगळेच भंगारात."

घरी येऊन तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो एका कोटाला अस्तर लावत होता. तोंडात टाचण्या होत्या, त्या काढून म्हणाला, "मला मधे घेऊ नकोस बाई. ती माझं गिऱ्हाईक आहे."

"अरे, चेष्टा सुचतेय तुला? सांग ना काय करू."

"तुला कुणी सांगितलं होतं, तुझं संपलं म्हणून?"

"कुणी नाही. गुडघ्यांनी सांगितलं."

"मग तिला घोटा सांगेल."

"तो कधीपासून ओरडतोय! ती ऐकत नाही."

नवऱ्याने अस्तर सारखं केलं. "मग तूच सांग. आणि लवकर सांग. तुझ्या चेहऱ्याकडे बघून आईला वाटतंय आपलंच काहीतरी बिनसलंय. काल मला बाजूला घेऊन विचारत होती."

शिडीला हसू आलं आणि त्याच हसण्यात डोळे भरून आले. आपण थकलोय, असं ती तेव्हा पहिल्यांदाच मोठ्याने म्हणाली. "मी फार थकलेय रे," म्हणाली. नवऱ्याने टाचण्या डबीत ठेवल्या आणि मशीनवरचा दिवा मालवला, त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं.

मॅचच्या दिवशी ती पक्कं ठरवून गेली. खोलीत शिरल्या शिरल्या चिमणीला बाजूला घ्यायचं, सांगायचं, आणि मोकळं व्हायचं. दार उघडलं. बडबड बंद पडली. चिमणी भिंतीला टेकून घोट्याला पट्टी गुंडाळत बसली होती. तिने मान वर केली आणि सगळ्यांच्या देखत विचारलं, "काय कोचबाई, आज पहिल्यापासून मीच ना?"

समोरच्या बाकावर धाकटी बुटाची नाडी बांधत होती. तिचे हात थांबले.

"हो," शिडी म्हणाली. "तूच."

धाकटीने नाडी आवळली.  आणि शिडी? ती बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुऊन आली. आता हिला काय म्हणावं! डोंगराएवढ्या बायांना ढकलून बास्केटखाली उभी राहणारी ही बाई, आणि एवढ्याशा चिमणीपुढे हिची बोबडी वळली.

मॅच सुरू झाली आणि व्हायचं तेच झालं. समोरच्यांनी चिमणीची बाजू ओळखली आणि तिथूनच घुसायला लागल्या. फरक वाढत चालला. वर प्रेक्षकांत बसलेले सेक्रेटरी चष्मा पुसायला लागले. शेवटी नाइलाजाने शिडीने चिमणीला बाहेर बोलावलं आणि धाकटीला आत सोडलं. पोरीने काय खेळ केला! आरडाओरडा नाही, घाई नाही. एकेक बॉल नीट पोचवत तिने टीमला वर ओढून आणलं, आणि शेवटचं मिनिट लागलं तेव्हा आपली टीम एका गुणाने पुढे होती.

इथे शहाण्या माणसाने गप्प उभं राहावं की नाही? पण शिडीची नजर बाकाकडे गेली. बाकावरच्या सगळ्या पोरी कोर्टाकडे बघत होत्या. चिमणी तेवढी शिडीकडे बघत होती. मागत नव्हती काही, नुसती बघत होती. शिडीला वाटलं, ही हिची शेवटची मॅच, आणि हिला ते माहीतही नाही. निदान संपताना कोर्टावर तरी असू दे. मनाशी ती म्हणाली, शेवटच्या मिनिटाला अनुभव लागतो. स्वतःलाच थाप मारायची तर ती अशी मारावी. तिने धाकटीला बाहेर बोलावलं.

धाकटी तिच्याजवळून जाताना हळूच म्हणाली, "मी दमले नव्हते, ताई."

आता फक्त बॉल आपल्याकडे ठेवायचा होता. इकडून तिकडे, तिकडून इकडे, वेळ काढायचा, संपलं. पण एकीच्या हातातून तो निसटला आणि टप्पे घेत रेषेकडे निघाला, नेमका आपल्या बाकाच्या दिशेने. चिमणी त्याच्यामागे धावली. तो तसला घोटा घेऊन धावली, आणि रेषेवरून तिने अंग झोकून दिलं. बॉल हवेतच तिच्या हाती लागला. जमिनीवर पडण्याआधी तो आत फेकायचा होता, आणि तिची तर कोर्टाकडे पाठ. कुणाकडे फेकणार? कोण कुठे आहे काही दिसत नव्हतं.

आणि शिडीच्या घशातून 'हं' निघाला.

तिने काढला नाही, तो निघाला. इतकी वर्षं ही हाक ऐकून जो बॉल यायचा, तो याही वेळी आला. चिमणीने बघितलं नाही. कशाला बघेल? बॉल सरळ छातीच्या उंचीवर, तळव्यात मावेल असा अलगद शिडीच्या हातात येऊन बसला. खरं सांगायचं तर त्या वेळी शिडीला फार बरं वाटलं. कितीतरी दिवसांत तिला इतकं बरं वाटलं नव्हतं. गुडघे वाकवून ती बास्केटकडे वळली सुद्धा, आणि तेव्हा तिला आपल्या पायातल्या चपला दिसल्या, आणि चपलांच्या पुढे रेषा. ती रेषेच्या बाहेर उभी होती. कोचच्या जागेवर, कोचच्या कपड्यांत, हातात बॉल घेऊन.

पंचाने शिट्टी फुंकली. वर कुणीतरी खो खो हसलं, मग आणखी कुणी. बॉल समोरच्यांना मिळाला, त्यांनी तो आत घेतला आणि बास्केटमध्ये टाकला. भोंगा वाजला. एका गुणाने हार झाली. टीम खालच्या गटात गेली.

खोलीकडे जाणाऱ्या बोळात सेक्रेटरींनी तिला गाठलं. चेहरा पडला होता बिचाऱ्यांचा, पण धीर द्यायलाच आले होते. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका मॅडम. सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलंय. बॉल तिने बाहेर फेकला. समोर कोण आहे तेही तिला दिसेना. कमिटीत मी हेच सांगणार. तुमच्या केसालाही धक्का लागायचा नाही. आणि आता तिला सांगणंही सोपं झालं, नाही का?"

"हाक मी मारली होती," शिडी म्हणाली.

"काय?"

"तिने माझ्या आवाजावर फेकला. मी हाक मारली म्हणून."

सेक्रेटरींनी इकडे तिकडे बघितलं. "असं कुणाला सांगत बसू नका बरं," ते हळू आवाजात म्हणाले.

खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आतून चिमणीचा आवाज आला, "चूक माझी आहे. बघून टाकायला हवा होता. शिव्या द्यायच्या तर मला द्या, पण रडू नका गं." आतमध्ये धाकटी डोक्यावर टॉवेल घेऊन बसली होती, टॉवेलखालून हुंदके येत होते.

शिडी दारातून आत आली. बंद पडायला बडबड नव्हतीच. ती म्हणाली, "चूक तिची नाही. हाक मी मारली. मी अजून खेळतेच आहे असं वाटलं मला."

 मग धाकटीने टॉवेल बाजूला केला. नाक लाल, डोळे सुजलेले. "ते जाऊ द्या ताई. मला बाहेर का काढलंत ते सांगा."

या प्रश्नाला उत्तर एकच होतं, आणि ते खोलीतल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. तरी ते बोलून दाखवायला शिडीला भिंतीचा आधार घ्यावा लागला. "चिमणी माझी मैत्रीण आहे म्हणून. दुसरं कारण नाही. तुझा खेळ तिच्यापेक्षा चांगला चालला होता. मी तुझ्यावर अन्याय केला."

धाकटीने पुन्हा टॉवेल डोक्यावर ओढला. चिमणी उठली. कुणाकडेही न बघता भिंतीला धरत धरत, एका पायावर भार देत ती खोलीबाहेर गेली. शिडी तिच्या मागोमाग निघाली.

मालीशवाल्या बाईंची खोली बोळाच्या टोकाला होती. एक पलंग, एक बर्फाची बादली आणि औषधी तेलाचा उग्र वास. शिडी पोचली तेव्हा बाईंनी चिमणीची पट्टी सोडली होती. शिडीने खाली वाकून घोटा बघितला. भोपळ्यासारखा सुजला होता, आणि रंग असा की बघवेना.

"हे आजचं नाही," शिडी म्हणाली.

बाईंनी चिमणीकडे बघितलं. "यांना आता सांगू का, की अजून लपवायचंय?"

"सांगा," चिमणी म्हणाली. "आता काय उरलंय लपवायला."

"दोन महिने झाले," बाई म्हणाल्या. "दर मॅचच्या आधी बाहेर जाऊन सुई टोचून घेते. मग बधिर पायाने खेळते. मी ओरडून ओरडून थकले. सांधा पार झिजलाय. डॉक्टरांनी फोटो काढलाय पायाचा. पुढे नीट चालता येईल की लंगडत चालावं लागेल, ते ऑपरेशननंतर कळेल म्हणतात." मग त्यांनी तिचा पाय बर्फाच्या बादलीत ठेवला, हात पुसले आणि बर्फ आणायला म्हणून बाहेर गेल्या. बर्फ बादलीत भरपूर होता.

शिडी पलंगाच्या कडेला बसली. इतके दिवस जे तोंडातून निघत नव्हतं ते आता निघालं, अगदीच साधं निघालं. "पुढच्या सीझनला तू टीममध्ये नाहीस."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"बसमध्ये मी तुझ्या खांद्यावर झोपले, आणि तू ढकलून दिलं नाहीस, तेव्हापासून. एरवी 'घोरतेस' म्हणत मला कोपर मारतेस. मी जागीच होते. म्हटलं, ही एवढी मायाळू झालीय, म्हणजे माझं संपलं."

"मग बोलली का नाहीस?"

"मी?" चिमणीने पाय बादलीतून वर काढला. "मी बोलू? खेळाडू कधी आपणहून बाकावर जाऊन बसतो का गं? तुझे गुडघे वाजायचे ते मला पलीकडच्या पलंगावर ऐकू यायचे, तेव्हा तू बसली होतीस? आपल्याला बसता येतच नाही शिडे. बसवावं लागतं. आणि ते काम आता तुझं होतं ना?"

"तुला वाईट वाटेल म्हणून..."

"वाटलंच असतं! रडले असते, भांडले असते, महिनाभर तुझ्याशी बोलले नसते. तुझ्या नवऱ्याकडचे कपडे परत मागून आणले असते. पण पाय शाबूत राहिला असता माझा." तिचा आवाज चिरकला. "दर खेपेला सुई घेताना मनात म्हणायचे, आज ही सांगेल. आज सांगेल, मग ही शेवटची सुई. आणि दर खेपेला तू दारात यायचीस आणि म्हणायचीस, तूच. तू आहेस ना, म्हणायचीस. मग मी काय करू? नवी नवी कोच झालीस, तुला तोंडघशी पाडू?"

 आपण हिला सांभाळतोय असं शिडीला वाटत होतं. इतके दिवस तोच शीण ती वाहत होती आणि मनातल्या मनात त्याबद्दल स्वतःचं थोडं कौतुकही करत होती. आता त्या घोट्याकडे बघताना तिला स्वतःची लाज वाटली.

"मला माफ कर," ती म्हणाली.

"नाही करत," चिमणी म्हणाली. "दुसरी कुणी कोच असती ना, तर तिने मला कधीच बसवलं असतं. तिला माझ्याबद्दल काही वाटलं नसतं, म्हणून बसवलं असतं." तिने पाय पुसला, बूट हातात घेतला आणि पलंगावरून उतरली. "टॅक्सी बोलावलीय मी. येऊ नकोस मागे."

पण शिडी मागे गेलीच. हॉलबाहेर रस्त्यापर्यंत रुंद दगडी पायऱ्या होत्या. खाली टॅक्सी उभी होती, ड्रायव्हर बाहेर येऊन उगाच काच पुसत होता. वरच्या पायरीवर शिडीने हात पुढे केला.

"हात लावू नकोस," चिमणी म्हणाली.

तिने डावा पाय खाली टाकला. मग उजवा टाकायला गेली आणि थांबली. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा थांबली. आजच्या सुईचा अंमल उतरला होता. तिचे ओठ पांढरे पडले, आणि भिंत नव्हती की कठडा नव्हता, म्हणून तिने जवळ होतं ते धरलं, शिडीचा दंड. मग तशीच, दंड न सोडता ती पायरीवर खाली बसली.

"दुखतंय गं," ती म्हणाली. "फार दुखतंय शिडे."

दोन महिन्यांत हे ती पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होती. तिला उचलून खाली टॅक्सीपर्यंत न्यावं, असं शिडीला फार वाटलं. तिने वाकून बघितलंही. पण तेवढं बळ तिच्या गुडघ्यांत नव्हतं. मग ती चिमणीशेजारी पायरीवर बसली आणि हात वर करून तिने ड्रायव्हरला हाक मारली, "अहो दादा, जरा वर येता का? आम्हाला उतरवायचंय."